सोनावणेदादांचा तक्ता

गेल्या महिन्यात पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, मलाही साखरेची गोळी लिहून दिली. एक सकाळी, एक संध्याकाळी, जेवण झाल्यावर. "किती दिवस?" असं मी विचारलं तर ती पोरसवदा डॉक्टर हसली आणि "लाँग टर्म" म्हणाली. फार्मसीच्या खिडकीसमोर नंबर लागायची वाट बघत बसले होते, तेव्हा सोनावणेदादांची आठवण आली. ते असते तर त्यांनी गोळ्यांच्या आधी खोक्यातला घडी घातलेला पातळ कागद मागून घेतला असता. त्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं बसल्या जागी पट्टी लावून वाचली असती, आणि दुष्परिणामांच्या यादीपाशी येऊन पेनाचं टोपण काढलं असतं. मी तो कागद पर्समध्ये टाकला. वाचायचा कंटाळा आला होता, आणि थोडी भीतीही वाटत होती.

दादांना जाऊन आता दीड वर्ष झालं. इथे परदेशात, सेम्बावांगला, आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये ते राहायचे. मूळचे अंबरनाथचे. मुंबईच्या गोदीत काही वर्षं काढून इथल्या एका जहाज दुरुस्तीच्या यार्डात आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच सेफ्टी ऑफिसर म्हणून राहिले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, शर्ट कायम खोचलेला, खिशाला तीन पेनं. रविवारी भाजी आणायला निघाले तरी पायात यार्डातले जाड बूट. पुढे पोलादाची वाटी असलेले. मी एकदा हसून विचारलं, "दादा, कोथिंबिरीला कशाला हवेत हे बूट?" तर म्हणाले, "ताई, पाय रविवारीपण तेवढाच मऊ असतो."

आमची ओळख कुंडीवरून झाली. आम्ही राहायला येऊन आठवडा झाला होता. मी पुण्याहून हौसेने आणलेल्या तुळशीच्या बियांची रोपं नुकतीच वर आली होती, आणि ती कुंडी मी दाराबाहेरच्या कठड्यावर ठेवली होती. बेल वाजली. दारात हे. "जय भीम. मी सोनावणे, शेजारी." मी नमस्कार म्हटलं. त्यांनी कुंडीकडे बोट केलं.

"ही पडायची शक्यता, पाचपैकी किती म्हणाल?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "एक. नाहीतर दीड."

"दीड नसतो. एक म्हणू. आणि पडली, खाली कुणाच्या डोक्यात बसली, तर किती वाईट? पाचपैकी?"

"पाच," मी म्हटलं.

"एक गुणिले पाच. पाच. ठीक आहे, फार नाही. पण आत घेतली तर शून्य येतं. शून्य फुकट मिळत असेल तर पाच का ठेवायचे?" एवढं बोलून त्यांनी स्वतःच कुंडी उचलून आत आणून दिली, पाणी खाली ठिबकू नये म्हणून बशी कुठे ठेवायची तेही सांगितलं, आणि चहाला न थांबता गेले. माझा नवरा म्हणाला, "विक्षिप्त आहे माणूस." मीही तसंच म्हटलं.

पुढे कळलं की हा त्यांचा धंदाच होता. यार्डात कुठलंही काम सुरू व्हायच्या आधी ते एक तक्ता भरत. काय चुकू शकतं, किती शक्यता, झालं तर किती वाईट, दोन्हींचा गुणाकार, आणि शेवटी उपाय. आकडा पंधराच्या वर गेला की रकाना लाल, आणि लाल असेल तर काम बंद. कॅप्टन ओरडो, मालक ओरडो. त्यांच्या सहीशिवाय जहाजाच्या टाकीत माणूस उतरत नसे. तेच डोकं ते सगळीकडे वापरत. पोरांच्या सायकली, शेजारणीचा फिशटँक, स्वतःच्या घरी बायकोचा, रत्नावहिनींचा कुकर. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला ते दरवर्षी येत आणि आरतीच्या वेळी अग्निशामक नळकांडं घेऊन भिंतीशी उभे राहत. हात जोडत नसत. कुणीतरी खोचकपणे विचारलं होतं, "सोनावणे, तुम्ही कसे काय इथे?" तेव्हा म्हणाले, "पूजा तुमची आहे. आग लागली तर सगळ्यांची." विचारणाऱ्याने कापराचं ताट जरा लांब धरलं.

हे सगळं ऐकायला गंमतीचं वाटतं. त्यामागची गोष्ट मला वहिनींनी सांगितली. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका मचाणाची फळी त्यांना बरी वाटली नव्हती. जहाज दुपारी सुटणार होतं, सगळे घाईत होते, आणि त्यांनी "बघू नंतर" म्हणून सोडून दिलं. चाळिशीचा एक तमिळ वेल्डर तिच्यावरून खाली आला. जगला, पण कमरेखालचं शरीर गेलं. दादा त्याला भेटायला इस्पितळात रोज जात होते, तो गावी परत जाईपर्यंत. "तेव्हापासून शंका आली की थांबवायचं, हा यांचा धर्म झाला," वहिनी म्हणाल्या. "दुसरा काही विचारच नाही."

मधुमेह त्यांना चाळिशीतच लागला होता. वडिलांना होता, थोरल्या भावाला होता. पहिली गोळी सुरू झाली तेव्हा त्यांनी ती निमूटपणे घेतली. पोटाला त्रास व्हायचा. यार्डातून बाथरूम फार लांब, आणि जहाजावर तर विचारूच नका. मग डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली, जी साखर ओढून खाली आणते. ती घेऊन वेळेवर जेवायचं असतं. दादा वेळेचे पक्के, त्यामुळे काही वर्षं बरी गेली.

मग एकदा एका टाकीची तपासणी लांबली. जेवणाची वेळ टळली. दादा शिडीवर होते. हात कापायला लागले, घाम फुटला, आणि शिडीची पायरी दोन-दोन दिसायला लागली. ते काही बोलले नाहीत, फक्त शिडीला मिठी मारून उभे राहिले. वर असलेल्या बांगलादेशी फिटरच्या लक्षात आलं. चौघांनी मिळून त्यांना पट्ट्याने वर ओढलं आणि शेवंतीच्या गोड चहाचं थंड पाकीट स्ट्रॉ खुपसून तोंडाला लावलं. पंधरा मिनिटांत माणूस ठणठणीत. पण अपघाताचा अहवाल तर लिहावाच लागतो, आणि तो लिहिणं हे सेफ्टी ऑफिसरचं काम. दादांनी स्वतःचा अहवाल स्वतःच लिहिला. जखमीचे नाव, सोनावणे. अहवाल देणाऱ्याचे नाव, सोनावणे. हे सांगताना ते हसले नाहीत. यार्डाने त्यांना टाकीत उतरायला मनाई केली, टेबलावर बसवलं, आणि मला वाटतं, त्या दिवसापासून गोळ्या त्यांच्या शत्रू झाल्या.

त्यांनी डॉक्टरांना यातलं काही सांगितलं का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "काय सांगायचं? ती पोरगी दहा मिनिटं बघते, त्यातली सात कॉम्प्युटरकडे." ते अगदी खोटंही नव्हतं.

यानंतर दोन-तीन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, त्यांनी मला घरी बोलावलं. मी बँकांची सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्याने बांधलेल्या गोष्टीत चूक कुठे आहे ते शोधायचं, त्याचाच मला पगार मिळतो. दादांनी लॅपटॉपवर एक मोठा तक्ता मांडला होता. वहिनींनी पोहे दिले आणि म्हणाल्या, "बघ गं बाई, महिनाभर हेच चाललंय." त्यांना वाटत होतं यार्डाचंच काही असेल.

तक्त्यात त्यांच्या चारही गोळ्या होत्या. साखरेच्या दोन, रक्तदाबाची एक, कोलेस्टेरॉलची एक. प्रत्येकीच्या पुढे कागदावरचे सगळे दुष्परिणाम, एकाखाली एक. पोट बिघडणे. साखर अचानक उतरणे. फार वर्षं घेतली तर शरीरातलं बी-बारा कमी होऊन पाय बधिर पडणे. स्नायू दुखणे. खोकला. रक्तात आम्ल साठणे, जे फार क्वचित होतं पण झालं तर जिवावर. प्रत्येकाला शक्यता, गांभीर्य, गुणाकार, रंग. इतकं नेटकं काम मी माझ्या ऑफिसातही बघितलेलं नाही.

"ताई, फक्त एक करा. तपासा. माझ्याकडून कुठे चुकलंय का बघा."

मी बाह्या सरसावून बसले. दोन तास. प्रत्येक रकान्यातलं सूत्र उघडून बघितलं. चौदाव्या ओळीत गुणाकाराऐवजी बेरीज झाली होती, ती मी पकडली. दादा इतके खूश झाले की वहिनींना हाक मारून दाखवलं. मग आणखी तासभर आम्ही रंगांवर वाद घातला, पिवळा कुठे संपतो आणि लाल कुठे सुरू होतो यावर. मलाही मजा येत होती. शेवटी मी म्हटलं, "दादा, आता शीट बरोबर आहे."

ते मागे टेकून बसले. म्हणाले, "मग आता निर्णय घेता येतो."

मला वाटलं, डॉक्टरांकडे घेऊन जातील. असं वाटलं, हे मी आज म्हणते. खरं तर तेव्हा मी काहीच विचार केला नाही. चहा घेतला आणि घरी जाऊन कपडे वाळत घातले.

त्या तक्त्यात फायद्याचा रकाना नव्हता. सेफ्टीच्या तक्त्यात तो नसतोच, कारण जहाज दुरुस्त का करायचं हा प्रश्न सेफ्टी ऑफिसरचा नाही. आणि आणखी एक ओळ नव्हती. गोळी घेतलीच नाही तर काय होईल, त्याची शक्यता किती, ते किती वाईट. ती ओळ कुठेच नव्हती. मी बेरीज-गुणाकाराची चूक पकडली, आणि जे लिहिलेलंच नव्हतं ते माझ्या नजरेतून सुटलं. वीस वर्षं हेच काम करून.

पुढे एकदा लिफ्टमध्ये भेटले. चेहरा हलका दिसत होता. म्हणाले, "तीन महिने झाले ताई. एकही इन्सिडेंट नाही. पोट शांत, हात शांत."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. "सगळ्या बंद केल्या?"

"सगळ्या. एकदम. अर्धवट बंद केलेलं काम जास्त धोक्याचं असतं."

"डॉक्टरांना सांगितलंत ना?"

"सांगेन. रत्नाला नका बोलू, उगाच घोर लावून घेईल." लिफ्ट थांबली. त्यांनी दार धरून ठेवलं, मी बाहेर पडले, त्यांनी मागून "जय भीम" म्हटलं. मी घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं नाही. दुसऱ्याच्या शरीरात आपण कशाला नाक खुपसायचं, हे मी स्वतःला समजावलं. पुण्यात असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या कानावर घातलं असतं. इथे आल्यावर मी फार सभ्य झाले होते.

त्यानंतर जवळपास तीन वर्षं गेली. दादा निवृत्त झाले. रोज सेम्बावांग पार्कच्या धक्क्यापर्यंत चालायला जात आणि लांबून जहाजं बघत. भात सोडला, कारलं खात, मेथ्या भिजवून पीत. पॉलिक्लिनिकच्या तारखा पुढे ढकलत राहिले, "भारतात तपासून आलो" असं सांगत राहिले. फार्मसीतून गोळ्या मात्र बिनचूक आणत, म्हणजे वहिनींना शंका नको. मला दिसायचे तेव्हा मी "कसे आहात" विचारायची आणि ते "ग्रीन, ताई, ग्रीन" म्हणायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं. न विचारता सुटल्यासारखं.

मग एक दिवस त्यांच्या पायात ते बूट जाईनात. घोटे सुजले होते. वहिनींना वाटलं उकाड्याने. धक्क्यापर्यंत चालताना दम लागायला लागला, तोंडाला चव राहिली नाही, आणि लेक श्वेता, जी लग्न होऊन बुकित पंजांगला राहते, तिने एका शनिवारी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी. मूत्रपिंडं बरीचशी गेली होती. डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके होते.

त्याच आठवड्यात श्वेताने कपाट आवरलं. बिस्किटांचे निळे गोल डबे निघाले, सहा. प्रत्येकात गोळ्यांची न उघडलेली पाकिटं, एक्सपायरीच्या क्रमाने लावलेली. तिने ते सगळे जेवणाच्या टेबलावर ओतले आणि मला बोलावून आणलं, कारण लॅपटॉपवर तिला तो तक्ताही सापडला होता आणि वरच्या कोपऱ्यात दादांनी 'तपासले' म्हणून माझं नाव घातलं होतं.

"आंटी, यू न्यू?" तिने विचारलं. "ऑल धिस टाइम, यू न्यू, इज इट?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं. श्वेताने पाकिटं परत डब्यात भरायला सुरुवात केली. वहिनी टेबलाशी बसल्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी पडलं तरी बोलून दाखवायचे. हे नाही बोलले." मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला जा म्हटलं नाही, चहाही विचारला नाही.

दादांशी माझं बोलणं झालं ते आणखी काही दिवसांनी. मी भीतभीतच गेले होते. ते खिडकीशी बसले होते, पाय स्टुलावर.

"ती डॉक्टर पोरगी रागावलीसुद्धा नाही," ते म्हणाले. "मी माझा तक्ता नेला होता. तिने सगळा वाचला, ताई. सगळा. म्हणाली, अंकल, व्हेरी गुड वर्क. मग विचारलं, न घेण्याची रिस्क कुठल्या लाइनमध्ये आहे?"

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"जहाजावर काम थांबवलं की धोका थांबतो. माणूस वर येतो, गॅस बंद होतो, कामाचं परमिट फाडलं की संपलं. मी तेच केलं. पण इथे आतलं काम माझ्या परमिटवर चालतच नव्हतं. मी सगळ्यांना बाहेर काढलं, टाळं लावलं, आणि आत वेल्डिंग चालूच राहिलं. तीन वर्षं." त्यांनी पाय खाली घेतले आणि परत वर ठेवले.

"पण ती शिडीवरची गोष्ट तर खरी होती ना?" मी म्हटलं. मला काहीतरी त्यांच्या बाजूचं बोलायचं होतं.

"तेच तर. ती म्हणाली, तुमची भीती बरोबरच होती. त्या गोळीने होतं तसं. मला तेव्हा सांगितलं असतंत तर मी ती काढून दुसरी दिली असती, साखर एकदम न पाडणारी. पोटाला त्रास देणारी कमी करता आली असती. बी-बारा तर नुसतं रक्त तपासून कळतं, इंजेक्शन देता येतं." ते माझ्याकडे वळले. "म्हणजे प्रत्येक लाल रकान्याला उपाय होता. मी सगळ्या साइटवर उपायाचा रकाना भरून घ्यायचो लोकांकडून. स्वतःचा कोरा ठेवला."

मला वाटतं, आजारापेक्षा हे त्यांना जास्त लागलं. चुकीचं घाबरले असते तर परवडलं असतं. ते बरोबर घाबरले होते.

पुढे त्यांनी सगळं घेतलं. दिवसाला अकरा गोळ्या आणि पोटात टोचायचं इन्सुलिन. न चुकता, वेळेवर, एकही कागद न वाचता. पहिली जुनी गोळी, पोट बिघडवणारी, ती मात्र डॉक्टरांनीच बंद केली, कारण इतक्या कमजोर मूत्रपिंडांना ती चालत नाही. "बघा," ते मला म्हणाले, "शेवटी मंजूर झालं माझं." त्यात विनोद होता, पण हसायचं कुणी हे ठरेना.

सव्वा वर्षाने डायलिसिस सुरू झालं. आमच्यापासून दोन बसस्टॉप पलीकडे, एका ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, केंद्र आहे. बाहेर सिमेंटची टेबलं, त्यावर म्हातारे चिनी काका बुद्धिबळासारखा त्यांचा खेळ मांडून बसलेले, आणि काचेच्या दारापलीकडे ओळीने खुर्च्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार. चार तास. घरी आल्यावर दिवसाचा उरलेला भाग झोपण्यात जायचा, आणि दुसऱ्या दिवशी जरा माणसात येतात तोवर परत तिसरा दिवस. वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणून मंगळवारी मी दादांना सोडायला जाऊ लागले. माझं ऑफिस मंगळवारी घरूनच असतं. सोय होती म्हणून गेले, असं मी सगळ्यांना सांगायची.

त्या वर्षात दादा फारसे बोलत नसत. कुणाची कुंडी कठड्यावर दिसली तरी बघून पुढे जात. एकदा बसमध्ये म्हणाले, "थकलो ताई. दुखत काही नाही. नुसतं थकायला होतं." मी त्यांचा हात धरला. सुयांच्या जागी शीर दोरासारखी फुगलेली होती आणि तिच्यात रक्ताची घरघर बोटांना लागायची. मी पटकन हात काढून घेतला आणि मग वाईट वाटलं, म्हणून पुन्हा ठेवला.

शेवटचं भेटलो तोही मंगळवार होता. आम्ही लवकर पोचलो होतो. आधीच्या पाळीची मंडळी अजून आतल्या खुर्च्यांवरून उठायची होती, म्हणून बाहेर सिमेंटच्या बाकावर बसलो. त्या सकाळी बसमधून उतरताना ते पायरीवर इतका वेळ थांबले होते की ड्रायव्हरने वळून बघितलं. माझ्या मनात कितीतरी दिवस जे होतं ते त्या बाकावर तोंडातून निघून गेलं.

"दादा, त्या रविवारी मी विचारायला हवं होतं. लिफ्टमध्ये तर हवंच होतं."

मला वाटलं ते म्हणतील, जाऊ द्या हो, तुमची काय चूक. त्याच आशेने मी बोलले होते, हे कबूल करते.

"हो," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."

समोर त्या चिनी काकांनी एक सोंगटी आपटली. दादा माझ्याकडे बघत नव्हते. मग म्हणाले, "आता विचारा."

"काय?"

"जे विचारायचं राहिलं ते. आता विचारा. कुणी विचारत नाही मला. श्वेता नाही, रत्ना नाही. घाबरतात."

मला समजलं. समजल्यावर नको वाटलं. पण एकदा गप्प बसून झालं होतं.

"हे बंद केलं तर?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली, बरोबर प्रश्न आला तसे. "बंद केलं तर आठवडा, दोन आठवडे. डॉक्टरांना विचारून ठेवलंय. या वेळी विचारलंय. फार त्रास होऊ देणार नाहीत म्हणतात. आणि चालू ठेवलं तर हे असंच. मंगळवार, गुरुवार, शनिवार. किती वर्षं, त्यांनाही माहीत नाही. दोन्ही ओळी लिहिल्यात मी. रोज लिहितो मनात. आकडा बसत नाही."

"मग?"

"श्वेताचा काल मेसेज आला. पा, सॅटर्डे व्हॉट टाइम यू फिनिश? आय कम फेच यू, वी गो ईट समथिंग लाह." तिचं वाक्य त्यांनी तिच्याच सुरात, इथल्या लोकांच्या त्या 'लाह'सकट म्हटलं. "डबे सापडल्यापासून पोरगी माझ्याशी कामापुरतं बोलायची. काल पहिल्यांदा म्हणाली, खायला जाऊ."

आतून नर्सने काचेवर टकटक केलं. दादा बाकाला धरून उठले. मी आधार द्यायला गेले तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"तेवढ्यावर आज आलोय," ते म्हणाले. "शनिवारपर्यंतचं आहे. शनिवारी पुढचं बघू."

शनिवारी श्वेता त्यांना घेऊन गेली. दोघांनी हॉकर सेंटरमध्ये, इथल्या स्वस्त खाऊगल्लीत, फिशबॉल नूडल्सचा एक बाउल वाटून खाल्ला, असं तिने मला नंतर सांगितलं. सोमवारी सकाळी आंघोळीला जाताना त्यांचं हृदय थांबलं.

पण मला ते दिसतात ते त्या मंगळवारचे. काचेच्या दारापलीकडे वजनकाट्यावर उभे राहिले, उतरले, सावकाश आपल्या खुर्चीपर्यंत गेले. नर्स अजून हातमोजे चढवत होती. त्यांनी तिची वाट बघितली नाही. डाव्या हाताची बाही स्वतःच कोपराच्या वर नीट दुमडली, आणि हात खुर्चीच्या दांडीवर पालथा न ठेवता उताणा ठेवला, तिला सोपं जावं म्हणून.